तागाचा वाख, वाखाचा धागा: नाशिकमध्ये पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

नाशिकच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात "ताग द्या" म्हटलं की समोर येतं ते काळपट, मूत्रपिंडाच्या आकाराचं बी. शाळेच्या भूगोलात पश्चिम बंगालचं पीक म्हणून पाठ केलेला ताग तो हा नव्हे. तो ज्यूट, झाडच वेगळं. आपल्याकडचा ताग म्हणजे बोरू, कुठे कुठे सण. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हा हिरवळीचं खत म्हणून पेरतात आणि पिवळी फुलं डोकावायला लागली की रोटाव्हेटर फिरवून गाडतात. इंग्रजी नावात 'हेम्प' असल्याने काहींना शंका येते, म्हणून सांगून टाकू: भांगेशी याचं काही नातं नाही. हे शेंगवर्गी झाड आहे. हरभऱ्याला परवाना लागत नाही, तसाच यालाही लागत नाही.

या झाडाच्या सालीत जो धागा असतो त्याला मराठीत जुना शब्द आहे, वाख. कासरे, दावी, चऱ्हाटं, शिंकी हे सगळं वाखाचंच असे, आणि मातंग समाजातल्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातात ठेवली. नायलॉनच्या दोऱ्या आल्या आणि बहुतेक गावांतून वाख भिजवायचे खड्डे बुजले. आजही तुमच्या गावात दोर वळलेले एखादे आजोबा असतील तर हा लेख वाचण्याआधी त्यांच्यापाशी तासभर बसा. बोटांनी कळायच्या काही गोष्टी कागदावर उतरत नाहीत.

आधी झाड ठरवा

नवखे लोक बहुतेक वेळा चुकीच्या झाडापासून सुरुवात करतात. चार नावं सतत पुढे येतात.

केळीचं खोड. धागा सुरेख, चमकदार. पण खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि सुका धागा निघतो वजनाच्या एक-दीड टक्का. केळीचा खरा पट्टा रावेर-यावलचा. तिकडून ट्रक भरून खोडं नाशिकला आणायची म्हणजे पाण्याचं भाडं भरायचं. शिवाय घड उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत धागा काढला नाही तर तो तपकिरी पडतो, आणि मोठ्या प्रमाणावर काढायचा तर मोटरवर चालणारं यंत्र लागतं. बागेशेजारी राहत असाल तरच केळी.

घायपात. सिन्नर-चांदवडकडच्या बांधांवर, रस्त्याकडेला फुकट उभा असतो, म्हणून मोह होतो. पानात धागा तीन-चार टक्के. पान कापल्यापासून एका दिवसात बोथट पात्याने फळीवर खरवडून गर काढायचा आणि लगेच धुवायचं. गराच्या रसातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे अंगाला भयंकर खाज सुटते, म्हणून रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. धागा मजबूत पण राठ. दोर, पायपुसणी, कुंचले यांसाठी उत्तम. अंगाला लागेल अशा कापडाचं स्वप्न घायपाताकडून पाहू नका.

अंबाडी. हिच्या सालीतला वाख तागाच्या जवळपास जाणारा, पण पाण्यात दहा-पंधरा दिवस घेते. आणि एक गोम आहे: भाजीसाठी शेंडे खुडले की झाड फांद्या फोडतं, प्रत्येक फांदीपाशी सालीतला धागा तुटतो. भाजीची अंबाडी आणि वाखाची अंबाडी एकाच ओळीतून मिळत नाही.

चौथं बांबू. दुकानात जे मऊसूत 'बांबूचं कापड' मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं. म्हणजे बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लात सोडून बनवलेला धागा. कार्बन डायसल्फाइड विषारी आणि झटकन पेट घेणारं. हे कारखान्याचं काम आहे, अंगणातलं नाही.

राहिला ताग. बी सहज मिळतं, खत जवळजवळ लागत नाही, शंभर दिवसांत कापणीला येतो, पाण्यात आठवड्याच्या आत सुटतो आणि ओला झाला की आणखी ताकद धरतो. मासेमारीच्या जाळ्यांना तो वापरत ते यामुळेच. पुढचं सगळं तागाबद्दल.

एक गुंठा पेरा, जास्त नको

खत म्हणून पेरलेल्या शेजाऱ्याच्या तागावर नजर ठेवून बसू नका. तो 45-50 दिवसांत गाडला जातो, तेव्हा सालीतला धागा कोवळा असतो आणि पाण्यात त्याचा लगदा होतो. बागेच्या ओळींमधला ताग विरळ असेल तर फांद्याही फुटतात. वाखासाठी स्वतंत्र, दाट पेरलेलाच हवा.

एका गुंठ्याला अर्धा किलो बी फोकून टाका. दर चौरस मीटरला साधारण शंभर रोपं झाली पाहिजेत. इतकी दाटी पाहून शेतकरी माणसाला कसंसंच होतं, पण गर्दीतला ताग उजेडासाठी सरळ वर धावतो, करंगळीएवढा बारीक राहतो आणि फांद्या फोडत नाही. अंगठ्याएवढी जाड खोडं दिसायला ऐटदार, वाखाला वाईट. त्यांची बुडं कुजेपर्यंत शेंडे सडून जातात.

पेरणी मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. गुंठ्याला दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. नत्र झाड स्वतः हवेतून घेतं, युरिया टाकला तर नुसता पाला माजतो. त्या जमिनीत आधी ताग झालेला नसेल तर बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम (जिवाणू खत) चोळा. जमीन निचऱ्याची असू द्या. इगतपुरी-त्र्यंबककडे पेरायचा असेल तर उताराचा तुकडा निवडा, कारण मुळाशी पाणी साचलं की ताग पिवळा पडून खुरटतो.

उभ्या पिकात दोन गोष्टी बघा. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेलं पाखरू दिसलं की त्याच्या केसाळ अळ्या पानं खात असणार. एका गुंठ्यात त्या हाताने वेचून होतात. दुसरी अळी खोडात शिरते, तिथे गाठ धरते, शेंडा थांबतो आणि खाली फांद्या फुटतात. अशी झाडं कापणीच्या वेळी वेगळी काढा. ती चांगल्या पेंढीत मिसळली की सगळा वाख तुटका निघतो.

कापायचं कधी

वाख बिघडतो तो बहुतेक वेळा वेळ चुकल्यामुळे, आणि वेळ चुकायच्या जागा दोनच: कापणीचा दिवस आणि पाण्यातून काढायचा दिवस.

फुलोरा सरत आला, खालच्या शेंगा धरल्या पण अजून हिरव्या आहेत, तो काळ कापणीचा. जूनअखेरच्या पेरणीला तो साधारण 90 ते 100 दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. ऐन फुलात कापला तर धागा बारीक आणि मऊ, पण कमी. शेंगा वाळून खुळखुळ वाजेपर्यंत थांबलात तर वजन वाढतं, पण धागा काथ्यासारखा होतो आणि साल खोडाला चिकटून बसते. विणकामासाठी हवा असेल तर जरा लवकरच्या बाजूला झुका.

नाशिकला यात एक योग जुळून येतो. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कोमट राहतं आणि वाख भराभर सुटतो. डिसेंबरात निफाडच्या थंडीत तीच पेंढी दुप्पट-तिप्पट दिवस पाण्यात पडून राहते आणि एकसारखी कुजत नाही. अडचण फक्त परतीच्या पावसाची. भिजवताना पडला तर बिघडत नाही, सुकवताना पडला तर वाखावर काळी बुरशी धरते. म्हणून सुकवायला छप्पर किंवा पडवी आधी बघून ठेवा.

जमिनीलगत विळ्याने कापा. वरचा फूटभर शेंडा छाटून टाका, त्यात कामाचा धागा नसतो. तो शेतातच कुजू द्या. शेंगा आणि बी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, बियांत विषारी द्रव्यं असतात. मग जाड आणि बारीक खोडं वेगवेगळी करा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हिलाच सगळे टाळतात. पण एका पेंढीत दोन्ही जाड्या आल्या तर बारीक कुजून जाते तेव्हा जाड कच्ची असते, आणि मग कोणत्याही दिवशी काढलं तरी अर्धा वाख वाया.

वीतभर जाडीच्या पेंढ्या दोन जागी सैलसर बांधून शेतात दोन दिवस आडव्या ठेवा, की पानं गळून पडतील. पानांसकट पाण्यात घातलं तर पाणी काळं होतं आणि वाखही.

भिजवण: चार-सहा दिवसांचा खेळ

सालीतले धागे पेक्टिन नावाच्या डिंकाने एकमेकांना आणि आतल्या काडीला चिकटलेले असतात. पाण्यातले जिवाणू हा डिंक खातात. तो संपला की धागा सुटतो. तो संपल्यावरही पेंढी पाण्यातच राहिली तर जिवाणू थांबत नाहीत, धाग्याकडे वळतात. भिजवण म्हणजे एवढंच, आणि त्यातलं कसब वेळेवर थांबण्याचं.

जागा कोणती? गोदावरी नको, ओढा नको, गावतळं नको. कुजवणीने पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शेततळंही नको. तेच पाणी पुढे ठिबकच्या नळ्यांत जायचं असतं आणि त्यातला गाळ-शेवाळ ड्रिपर बुजवतो. एका गुंठ्याच्या तागाला (पानं-शेंडे गेल्यावर सुमारे दीडशे किलो खोडं) दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा पुरतो. आत जुनी पोती पसरा, त्यावर किमान 18 बाय 13 फुटांची जाड ताडपत्री. यात तीन हजार लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे खोडांच्या वजनाच्या वीसपट. दहापट हा तळाचा आकडा समजा. त्याहून कमी पाण्यात आम्लपणा साचतो आणि कुजवण मध्येच अडकते.

अगदी पहिल्यांदा एवढा पसारा मांडू नका. दोनशे लिटरच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपात अडीच फुटी तुकडे केलेली दहा किलो खोडं भिजवा. वाख आखूड येईल, पण हात बसेल. लोखंडी पिंप मात्र कधीही नाही. सालीतल्या टॅनिनला लोह भेटलं की शाईच होते, आणि तो काळा रंग धुऊन जात नाही. बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून तांबूस साका बसत असेल तर तेही टाळा, पावसाचं किंवा कालव्याचं घ्या.

पहिला दीड-दोन दिवस पेंढ्या उभ्या ठेवा, बुडाकडचा दीड-दोन फूट भागच पाण्यात. बुडाची साल जाड असते, तिला ही आघाडी द्यावी लागते. मग आडव्या करून पूर्ण बुडवा, पाण्याच्या पातळीखाली वीतभर. वरून बांबू आडवे टाकून त्यावर धुतलेले दगड ठेवा. मातीची ढेकळं किंवा केळीची खोडं वजन म्हणून ठेवायची सवय काही ठिकाणी आहे, त्यांनीही वाख काळवंडतो. मागच्या वेळचं कुजवणीचं वीस-तीस लिटर पाणी कुणाकडे मिळालं तर ओता. दह्याला विरजण लावतो तसंच आहे ते, एखादा दिवस वाचतो.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे येतील. तिसऱ्या दिवशी वास येईल, आणि हा वास शेजाऱ्यांना सांगून ठेवण्याजोगा असतो. खड्डा घरापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवा.

तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ परीक्षा घ्या. पेंढीच्या पोटातून तीन-चार खोडं ओढा, वरवरची नकोत. बुडाशी अंगठा आणि तर्जनीत साल दाबून सरकवा. साल काडीवरून सहज घसरली आणि तिच्यात जाळीसारखे धागे वेगळे दिसले की झालं. साल फितीसारखी सलग निघते आणि आत हिरवट चिकटा आहे, तर अजून बारा तास. धाग्याला हलका झटका दिला आणि तो तुटला, तर उशीर झाला आहे. जे काही आहे ते लगेच काढून घ्या. ऑक्टोबरच्या गरमीत भिजवायला घातल्यापासून चार ते सहा दिवसांत हा क्षण येतो. शेवटचा बदल फार वेगाने होतो. संध्याकाळी 'थोडं राहिलंय' वाटलेली पेंढी सकाळी ओलांडून गेलेली असते. शंका आली तर काढा. कच्चा राहिलेला वाख धुण्याच्या सोड्यात उकळून सुधारतो, कुजलेला कशानेच सुधारत नाही.

काढणी, धुणं, सुकवणं

दोन पद्धती. एक-एक खोड घेऊन बुडाकडून शेंड्याकडे साल ओढून काढायची: वेळखाऊ, पण धागा सरळ आणि समांतर राहतो. दुसरी, मूठभर खोडांची बुडं धोपाटण्याने ठेचायची, फूटभर काडी मोडून झटकून टाकायची, मोकळा झालेला वाख हाताला गुंडाळून पाण्यात पुढे-मागे जोराने हिसके द्यायचे, की उरलेल्या काड्या सुळकन निसटतात. सुतळीसाठी दुसरी चालेल. विणायचं असेल तर पहिलीच करा.

गमबूट घाला, हातांना खोबरेल चोळा. हातापायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते आणि खड्ड्याभोवती उंदीर येतातच.

काढलेला वाख तीन पाण्यांतून आदळा. तिसरं पाणी नितळ राहिलं पाहिजे. चिकटा राहिला तर सुकल्यावर धागे एकमेकांना डकतात आणि विंचरताना तुटतात. पिळू नका, मुठीतून दाबत पाणी उतरवा. पिळलेला वाख गुंततो आणि तो गुंता पुढे प्रत्येक पायरीवर छळतो. मग बांबूवर पातळ पसरून सौम्य उन्हात दोन-तीन दिवस. जमिनीवर नाही, गंजक्या तारेवर तर नाहीच.

चांगला वाख फिकट सोनेरी-करडा, हातात थंड लागणारा, झटकला की सळसळणारा. एका गुंठ्यात आठ-दहा किलो निघू शकतो. पहिल्या वर्षी चार-पाच किलो आला तरी काम नीट झालं समजा. उरलेल्या सणकाड्या चुलीला, वेलांच्या मांडवाला, कंपोस्टला. खड्ड्यातलं पाणी नाल्यात सोडू नका. पाचपट साधं पाणी मिसळून बांधावर द्या किंवा पालापाचोळ्याच्या ढिगावर ओता.

विंचरणं आणि मऊ करणं

विंचरायला फणी घरीच होते. सागाच्या किंवा कुठल्याही टणक लाकडाच्या फळीत दोन इंची खिळे एक सेंटिमीटर अंतरावर, पाच ओळी, एकाआड एक सरकवून ठोका. फळी टेबलाला पक्की आवळा. दुसरी फणी अर्ध्या सेंटिमीटरची, बारीक खिळ्यांची. केस विंचरतो तसंच: आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी पूर्ण लांबी. मधूनच सुरुवात केली तर गाठी आवळतात. नाकातोंडाला मास्क हवा. सण, जवस, कापूस यांची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दम लागतो. हा कामगारांचा ओळखीचा आजार आहे.

एक किलो वाखातून सहाशे-सातशे ग्रॅम लांब धागा हाती राहतो, बाकी चोथा. चोथा टाकू नका, त्याची जाड सुतळी किंवा हातकागद होतो. तागाचा धागा कागदासाठी नावाजलेला आहे, सिगारेटच्या पातळ कागदापर्यंत.

नुसत्या सुतळीला पुढचं काही करायची गरज नाही. विणायचं असेल तर धागा मऊ करावा लागतो. शंभर ग्रॅम वाखाला तीन लिटर पाणी, त्यात पंधरा ग्रॅम धुण्याचा सोडा. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास. ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो, लोखंडाचं वाख काळा करतं. पाणी चहासारखं होईल. तो उरलेला डिंक. गार झाल्यावर हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत धुवा आणि शेवटच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर व्हिनेगर घाला. पांढरंशुभ्र करायच्या नादात क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. धागा कमजोर होतो आणि पुढे पुन्हा पिवळा पडतो. तागाचा मूळ रंगच देखणा आहे, हे आमचं मत.

सुकल्यावर तेल. जूट गिरण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर करतात. एक किलो वाखाला 200 मिली कोमट पाणी, 25 मिली एरंडेल किंवा राइस ब्रान तेल, आणि थोडा किसलेला साबण. बाटलीत दुधासारखं होईपर्यंत हलवा, वाखावर फवारा, ओल्या पोत्यात गुंडाळून एक-दोन दिवस ठेवा. ही पायरी गाळून कातायला बसणारे दहा मिनिटांत बोटं सोलून घेतात.

कातणं

सूतकताईची टकळी यासाठी फार हलकी पडते. साठ-ऐंशी ग्रॅम वजनाची चाती घ्या, किंवा लाकडी दांड्याला तळाशी गोल चकती बसवून करा. लांब वाखाची वेणीएवढी जुडी डाव्या खांद्यावर टाका. एका वेळी दहा-बारा धागे ओढून चातीला अडकवा, उजव्या हाताने फिरवा, डाव्या हाताची बोटं ओली ठेवून धागे सोडत जा. शेजारी पाण्याची वाटी हवीच. कोरडा ताग केसाळ होतो, ओला कातला की सगळे केस आत बसतात.

नवीन धागे जोडायची वेळ जुने संपत आल्यावर नाही, बारीक होऊ लागल्यावर. टोकं विरळ करून वीतभर एकावर एक चढवा आणि मग पीळ द्या. जोड आखूड राहिला तर माग ताणताना नेमका तिथेच सुटतो. पीळ पुरेसा आहे का? कातलेल्या धाग्याचा हातभर तुकडा सैल सोडा. त्याने स्वतःभोवती दोन-चार वेढे घेतले तर बरोबर. निपचित पडला तर कमी, गाठी मारू लागला तर जास्त.

असे दोन एकेरी धागे उलट दिशेने वळले की दुपेडी सुतळी. उलट दिशेनेच. त्याच दिशेने वळलं तर हात सोडताच सगळं उकलतं. चाती जमत नसेल तर मांडीवर तळहाताने वळा. वेग कमी, पण पीळ डोळ्यांसमोर दिसतो. दोन मिलिमीटर जाडीची सुतळी किलोमागे चारशे-पाचशे मीटर भरते.

पहिलं विणकाम

एक किलो हातसूत घेऊन मालेगावच्या यंत्रमागाकडे जाऊ नका. तिथल्या वेगाला एकसारखं सूत लागतं, तुमचं जाडबारीक सूत दर मिनिटाला तुटेल आणि मागवाला हात जोडेल. येवल्याचे पैठणीचे माग रेशमासाठी मांडलेले, त्यांच्या फणीच्या फटीतून आपली सुतळी शिरतच नाही. पहिलं काम लाकडी चौकटीवर करा.

ताटाखालचं आसन, 30 बाय 45 सेंटिमीटर, ही योग्य सुरुवात. चौकट आतून 60 सेंटिमीटर उंच. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आठ-आठ मिलिमीटरवर 38 खिळे. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती दोऱ्याचा घ्या, तागाचा नको, कारण तागाच्या धाग्याला ताण दिला की तो फारसा लवत नाही, तुटतोच. खिळ्यांवरून वर-खाली नेत सुमारे 75 उभे धागे होतात, दोरा पन्नास मीटर लागतो. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, तुमची सुतळी: साठेक मीटर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. सुतळी विणण्याआधी दहा मिनिटं भिजवून फडक्यात दाबून घ्या, ओलसर बाणा घट्ट बसतो.

लाकडी पट्टीचा धोटा (बाणा गुंडाळून ताण्यातून आरपार न्यायला) करा आणि बाणा नेताना तो सरळ ओढू नका. तिरका, किंचित कमानीसारखा ठेवा आणि जाड दातांच्या कंगव्याने खाली ठोका. सरळ ओढला तर दोन्ही कडा आत येतात आणि आसन मध्येच बारीक होतं. दर दहा ओळींनी रुंदी मोजा. सेंटिमीटरभर कमी झाली असेल तर तेवढ्याच ओळी उसवा. चाळीस ओळींनंतर उसवायची हिंमत होत नाही.

उतरवल्यावर ताण्याची टोकं दोन-दोन करून गाठा. पहिली धुणी थंड पाण्यात, वेगळी. थोडा पिवळा रंग सुटेल, तो राहिलेल्या डिंकाचा, दोन-तीन धुण्यांत थांबतो. वाळवताना सपाट ठेवा. उरलेला वाख पावसाळ्याआधी वापरून टाकता आला तर उत्तम, नाहीतर कडक वाळवून, कापडी पिशवीत घालून, जमिनीपासून उंच फळीवर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला वाख श्रावणात उघडला की आत हिरवी बुरशी असते.